आमच्या नावावरचे युनिट आधी मोजा
(नंदुरबार जिल्ह्यातील शेतीपंपधारकांचे मागणीपत्र)

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नंदुरबार
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग

महोदय,

देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले. माणसे मोजण्याचा आरंभ आमच्या जिल्ह्यातून झाला. पण शेतीपंपांची वीज मात्र आजही बरीचशी अंदाजाने लिहिली जाते.

देशात विकल्या जाणाऱ्या विजेचा सुमारे सहावा हिस्सा शेतीच्या नावावर पडतो. मीटर नसलेल्या पंपाचा वापर अश्वशक्तीवरून धरतात. 5 अश्वशक्तीची मोटार कागदावर तासाला पावणेचार युनिट ओढते, मग ठिबकवरची पपई असो की पाट सोडलेला ऊस. लाइन किती तास होती, डीपी (रोहित्र) जळून किती दिवस पंप बंद होता, हे त्या हिशेबात येत नाही.

हा फरक किरकोळ नाही. राज्य सरकारच्या सत्यशोधन समितीसाठी आयआयटी मुंबईने पाहणी केली, तेव्हा शेतीवापर फुगवलेला आणि गळती कमी दाखवलेली असल्याचे पुढे आले. 2020 च्या वीजदर आदेशात आयोगानेही वितरण कंपनीचा शेतीवापराचा दावा जसाच्या तसा स्वीकारला नाही. गळती दुसरीकडची, नाव शेतकऱ्याचे. वर शहरात आम्हीच उधळे ठरतो.

एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज मोफत आहे, मग मोजायचे कशाला, असे विचारले जाते. मोफत आम्हाला; तिजोरीतून पैसे जातातच, आणि ते याच आकड्यांवर.

म्हणून पहिली मागणी : जिल्ह्यातल्या प्रत्येक कृषी फीडरवर आणि डीपीवर चालू स्थितीतले मीटर असावे, आणि दर महिन्याचे रीडिंग ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. मीटरशिवाय पुरवठा नको, असे वीज कायदा 2003 चे कलम 55 सांगते. 2021 च्या नियमांनी वितरण कंपन्यांना वार्षिक ऊर्जा लेखापरीक्षण आणि तिमाही हिशेबही बंधनकारक केला आहे. त्यातले नंदुरबारचे पान आम्हाला मराठीत हवे.

मीटर म्हटले की आमचे सभासद बिचकतात, आणि त्यांचे चुकत नाही. डीपीवरची मोजणी वसुलीसाठी वापरणार नाही, असे लेखी द्या. वैयक्तिक मीटरचा विषय त्यानंतर.

दुसरी मागणी बचतीची. व्होल्टेज पडले की मोटार जास्त करंट ओढते, पाणी कमी देते आणि शेवटी जळते. रिवाइंडिंग खराब झाले तर तीच मोटार आणखी वीज खाते. आमच्यातल्या अनेकांनी ऑटो स्विच लावलेत. लाइन येताच सगळे पंप एकदम उठतात आणि डीपी बसते. ते काढायला आम्ही तयार आहोत, पण आधी दिवसा पूर्ण दाबाचा पुरवठा आणि अनुदानावर कपॅसिटर द्या.

तिसरी मागणी डोंगरातल्या पाड्यांची. सरदार सरोवराखाली अक्राणी आणि अक्कलकुव्यातली 33 गावे गेली. तिथल्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. तो युनिटागणिक मोजला जातो. त्याच डोंगरातल्या पाड्यांना दिवसाला किती तास वीज मिळते, याचीही नोंद पाड्यागणिक जाहीर करा.

चौथी मागणी जळणाची. या पाड्यांतली चूल बहुतेक लाकडावर चालते. गॅसजोडण्यांच्या आकड्यावरून ते कळत नाही. वनहक्क समित्यांना मानधन देऊन पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशी जळणाची तीनदा पाहणी करावी, आणि तिचे आकडे आधी ग्रामसभेत वाचावेत.

फीडरनिहाय मीटरची सद्यस्थिती रब्बीच्या पेरणीपूर्वी लेखी मिळावी, ही विनंती.

आपले,
शेतीपंपधारक सभासद, जिल्हा नंदुरबार