साखरेचं निदान आणि 'तुमच्या लोकांचं खाणं'

ब्रिटनमध्ये गरोदर बाईची नोंदणी होते तेव्हा तिचा वंश विचारतात. उत्तर भारतीय, पाकिस्तानी किंवा बांगलादेशी आलं की तिला गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी करून घ्यायला सांगतात. दक्षिण आशियाई मातांना हा धोका गोऱ्या मातांपेक्षा जास्त असतो, म्हणून. तिथे वंशाचा उपयोग तपासणीसाठी होतो.

आपल्याकडे तो टोमण्यासाठी होतो. 'तुमच्या लोकांचं खाणंच तसं, रोज मटण, बिर्याणी.' एका दवाखान्यात माझ्या घरातल्या गरोदर बाईला हे ऐकावं लागलं. रिपोर्ट हातात यायच्या आधीच आरोपी ठरला होता: आमचं स्वयंपाकघर.

पण ब्रिटनच्या त्या यादीत धर्म नाही. पटेल, शेख, देशपांडे सगळे एकाच रांगेत. मग बिर्याणीनं नेमकं काय सिद्ध होतं?

कारण शोधायचंच तर पुण्यात शोधा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजणी छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची; तरी आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणारी बाईही सुरक्षित नाही, मग ती शाकाहारी असो वा मांसाहारी. पिढ्यान्‌पिढ्यांचं कुपोषणही यामागे असावं, असं हे संशोधन सुचवतं. त्या उपासमारीला कुठला एक धर्म होता?

आहार सांभाळावाच लागतो, ते नाकारत नाही. पण सल्ला वेगळा, शेरा वेगळा. शेरा ऐकलेली बाई पुढच्या वेळी दवाखान्याची पायरी चढत नाही. मग वाढलेली साखर कळत नाही, पोटातलं बाळ प्रमाणाबाहेर वाढतं, बाळंतपण अवघड होतं.

सरकारी नियम साधा आहे. प्रत्येक गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी द्यायचं, दोन तासांनी रक्त तपासायचं. १४० किंवा जास्त आलं तर उपचार. पहिल्या भेटीत एकदा, २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. निदान झालेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आणखी एकदा तपासणी, कारण पुढे कायमच्या मधुमेहाचा धोका तिला जास्त असतो. यात आडनावाचा रकाना नाही.

तेव्हा डॉक्टरसाहेब, आमच्या हंडीत काय शिजतं ते नंतर विचारा. आधी ग्लुकोजचा ग्लास द्या. आणि भाभी, आपा, तो ग्लास मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.