डोप चाचणीनंतरचा गलका

जून २०२५ च्या अखेरीस मोनॅको क्लबच्या करारावर सही करताना पॉल पोग्बाला रडू आवरले नाही. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्ससाठी गोल करणारा हा फुटबॉलपटू जवळपास बावीस महिने एकही अधिकृत सामना खेळलेला नव्हता. नोव्हेंबरमध्ये रेन येथील सामन्यात तो शेवटच्या काही मिनिटांसाठी मैदानात उतरला, तेव्हा यजमान संघाच्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये इटलीतील उत्तेजकविरोधी न्यायाधिकरणाने याच पोग्बाला चार वर्षांची बंदी घातली, तेव्हा मात्र सूर वेगळा होता. कोणी त्याला फसवा म्हटले, कोणी त्याची कारकीर्द संपल्याचे जाहीर करून टाकले.

या दोन प्रतिक्रियांच्या मधल्या काळात पोग्बाच्या नमुन्यात सापडलेले द्रव्य बदललेले नाही. बदलली ती त्यामागची हकिकत, किंवा लोकांना कळलेली हकिकत. एखादा व्यावसायिक फुटबॉलपटू निलंबित झाला की दोन-चार तासांत जो निकाल लागतो, तो बहुधा हकिकत कळण्याच्या आधी लागतो. त्या निकालात खेळाडूच्या जर्सीचा रंग मोजला जातो, त्याचा पगार मोजला जातो. शरीरात काय सापडले आणि ते कसे आले, हे क्वचितच विचारले जाते. वैद्यकीयदृष्ट्या मात्र सगळे काही त्यावरच अवलंबून असते.

पोग्बाच्या बाबतीत सापडले ते डीएचईए. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक तयार करतात आणि शरीर त्यापासून टेस्टोस्टेरॉन व इस्ट्रोजेन बनवते. टेस्टोस्टेरॉनशी असलेल्या या नात्यामुळे ते बंदीच्या यादीत आहे. निरोगी तरुण पुरुषाची ताकद त्याने वाढते याचा भक्कम पुरावा नाही. तरीही अमेरिकेत ते पूरक आहार म्हणून चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये लोझान येथील क्रीडा लवादाने पोग्बाची बंदी अठरा महिन्यांवर आणली. फ्लोरिडातील एका डॉक्टरने दिलेले पूरक घेताना नियम मोडण्याचा त्याचा हेतू नव्हता, हे लवादाने मान्य केले. मात्र त्याला निर्दोष ठरवले नाही. इतक्या अनुभवी खेळाडूने अधिक काळजी घ्यायला हवी होती, असेही बजावले. ‘मुद्दाम केले’ आणि ‘काहीच केले नाही’ यांच्या मधली ही जागा गर्दीला सहसा दिसत नाही.

‘डोपिंग’ या एका शब्दाखाली खरे तर तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे जिंकण्यासाठी जाणूनबुजून घेतलेले औषध. ही सरळ फसवणूक आहे आणि तिला कडक शिक्षा हवीच, कारण तिचा बळी समोरचा प्रामाणिक खेळाडू असतो. दुसरी म्हणजे चूक: घरातले औषध, भेसळीचे पूरक, न वाचलेले लेबल. तिसरी म्हणजे व्यसन. तिथे पदार्थ खेळासाठी घेतलेलाच नसतो. उलट खेळ आणि खेळाडू दोघेही त्यात झिजत जातात.

चुकीचे उदाहरण भारतीय घरात सहज समजेल. कतारमधील विश्वचषक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या संघातील अलेहांद्रो ‘पापू’ गोमेझ याच्यावर २०२३ मध्ये दोन वर्षांची बंदी आली. द्रव्य होते टर्ब्युटालिन. आपल्या मुलाचे खोकल्याचे औषध घेतल्याने हे झाले, असे त्याचे म्हणणे होते. टर्ब्युटालिन श्वासनलिका सैल करते. भारतात खोकल्याच्या कितीतरी औषधांत ते असते. २०१७ मध्ये भारताचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्या नमुन्यात हेच द्रव्य आढळले. त्यानेही खोकल्याच्या औषधाचेच कारण दिले आणि त्याच वर्षी तो पुन्हा मैदानात दिसला. २०१९ मध्ये मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्यावर याच कारणाने आठ महिन्यांची बंदी आली, हे महाराष्ट्रातील वाचकांना आठवत असेल. त्या वेळी चौकाचौकांत चर्चा होती ती त्याच्या वयाची आणि डोक्यात गेलेल्या यशाची. बाटलीच्या लेबलवर काय लिहिले होते, याची चर्चा फारशी झाली नाही.

म्हणून अशा प्रत्येक खेळाडूला सोडून द्यावे का? नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हा नियम कठोर वाटला तरी आवश्यक आहे. तो नसता तर प्रत्येक लबाडाने खोकल्याच्या औषधाची बाटली पुढे केली असती. शिक्षेची मुदत ठरवताना हेतू आणि निष्काळजीपणा तपासता येतो, आणि लवाद तेच करतो. प्रश्न नियमाचा नाही. तपास पूर्ण होण्याआधीच माणसाच्या चारित्र्याचा पंचनामा करण्याचा आहे.

सहानुभूतीसुद्धा कधी कधी तितकीच घाईची असते, पण प्रत्येक वेळी नव्हे. पेरूचा कर्णधार पाओलो गेरेरो याच्या नमुन्यात २०१७ मध्ये कोकेनचे विघटन होऊन तयार होणारा घटक सापडला. चहातून तो शरीरात गेला असावा, असा त्याचा बचाव होता. कामगिरी उंचावण्यासाठी त्याने काही घेतले नाही, हे लवादाने मान्य केले. तरीही बंदी चौदा महिन्यांची केली. तेव्हा २०१८ च्या विश्वचषकात पेरूच्या गटात असलेल्या फ्रान्स, डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही संघांच्या कर्णधारांनी त्याला खेळू द्यावे, अशी विनंती फिफाला केली. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदीला तात्पुरती स्थगिती दिली, तो खेळला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध गोलही केला आणि नंतर उरलेली बंदी भोगली. हे प्रतिस्पर्धी निर्णय वाचून बोलले होते.

सर्वाधिक गोंधळ होतो तो तिसऱ्या गटात. कोकेनच्या दोन प्रकरणांची तुलना इथे बोलकी आहे. २००४ मध्ये चेल्सीचा रुमानियन आघाडीपटू एड्रियन मुटू चाचणीत सापडला. क्लबने त्याला काढून टाकले, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने सात महिन्यांची बंदी घातली आणि पुढे क्लबला १.७ कोटी युरोंहून अधिक भरपाई देण्याचा आदेश त्याच्यावर निघाला. कायद्याने क्लबची बाजू योग्य ठरली. लोकांनीही नाक मुरडले: इतका पैसा मिळतो, तरी हे उद्योग!

२०१५ मध्ये हल सिटीचा जेक लिव्हरमोर याच्याही नमुन्यात कोकेन सापडले. सुरुवातीची प्रतिक्रिया जवळपास तीच होती. मग कळले की वर्षभरापूर्वी त्याचे नवजात मूल दगावले होते आणि ते दुःख तो कोणाशी न बोलता रेटत होता. क्लबने त्याला समुपदेशन मिळवून दिले. फुटबॉल संघटनेने परिस्थिती असाधारण असल्याचे मानून पुढची बंदी घातली नाही. मार्च २०१७ मध्ये हाच लिव्हरमोर जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या संघात होता.

द्रव्य एकच आणि देश एकच असताना वागणूक दोन टोकांची झाली. दोघांच्या परिस्थितीत फरक होता, हे खरे. पण लिव्हरमोरकडे लोकांना पटेल असे दुःख होते, हाही फरक होताच. डॉक्टरकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांकडे असे एक ठसठशीत कारण नसते. कोणाला एकटेपणा असतो, कोणाला झोप नसते, कोणी मित्रांच्या आग्रहाने सुरुवात केलेली असते आणि मग मेंदूने पकड घेतलेली असते. कोकेन मेंदूतील डोपामाइन पुन्हा शोषले जाऊ देत नाही. सुखाची लाट येते आणि ओसरते. ती पुन्हा हवीशी वाटते, आणि दर वेळी थोडे जास्त लागते. त्याच वेळी हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, ठोके वाढतात आणि तिशीतल्या माणसालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. या आजाराला पटण्याजोगी गोष्ट असो वा नसो, उपचार तोच लागतो.

दिएगो मॅराडोनाचे आयुष्य याचा सर्वात दुःखद पुरावा आहे. बार्सिलोनात खेळत असताना, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेन सुरू झाल्याचे त्याने पुढे स्वतःच सांगितले. त्यानंतर त्याने १९८६ चा विश्वचषक जिंकला आणि नापोलीला दोनदा इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. १९९१ मध्ये तो चाचणीत सापडला आणि पंधरा महिन्यांची बंदी आली, तोवर नेपल्स आणि मॅराडोना यांचे नातेही विटले होते. १९९४ मध्ये अमेरिकेतील विश्वचषकात इफेड्रिन सापडल्याने त्याला स्पर्धेतून घालवले, तेव्हा दूर ढाक्यात त्याचे चाहते रस्त्यावर उतरले. त्यांच्या दृष्टीने हा कट होता. एका गर्दीला तो देव वाटत होता, दुसरीला लबाड. आजारी माणूस मात्र दोघींच्याही नजरेत बसत नव्हता. पुढे उपचारांसाठी तो क्युबात राहिला, हृदयाच्या त्रासाने अनेकदा रुग्णालयात गेला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये वयाच्या साठाव्या वर्षी गेला. त्यानंतर नेपल्सच्या मैदानाला त्याचे नाव देण्यात आले.

नुसत्या बंदीने व्यसन सुटत नाही, हे अमेरिकन फुटबॉलमध्येही दिसले. २०१३ मध्ये त्या लीगमध्ये चेंडू झेलून सर्वाधिक यार्ड मिळवणारा जॉश गॉर्डन पुढील काही वर्षांत पुन्हा पुन्हा निलंबित झाला. दर वेळी तो परतला, दर वेळी चाहत्यांनी ‘आता तरी सुधारेल’ म्हटले आणि पुन्हा निलंबन आले. व्यसनात परत घसरण होणे हे आजाराचे लक्षण आहे, निगरगट्टपणाचे नव्हे. २०२० च्या नव्या करारात त्या लीगने केवळ गांजाची चाचणी सदोष आली म्हणून निलंबित करणे बंद केले.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, हिनेही २०२१ च्या संहितेत हा फरक मान्य केला. कोकेन, हेरॉइन, एक्स्टसी आणि गांजातील टीएचसी ही द्रव्ये तिने वेगळ्या गटात टाकली. पदार्थ स्पर्धेच्या काळाबाहेर घेतला आणि त्याचा कामगिरीशी संबंध नव्हता, हे खेळाडूने सिद्ध केले, तर बंदी तीन महिन्यांची. त्याने मान्यताप्राप्त उपचार पूर्ण केले, तर ती एका महिन्यावर येऊ शकते. नियम करणाऱ्यांनी शिक्षा आणि उपचार यांची सांगड घातली. प्रेक्षकांची भाषा अजून तिथवर आलेली नाही.

या भाषेची किंमत खेळाडू मोजतोच, पण तो एकटाच नाही. दिवाणखान्यात बातम्या लागलेल्या असतात. निलंबित खेळाडूचे नाव येते आणि घरातले वडीलधारे म्हणतात, ‘असल्यांना चौकात उभे करून फटके द्यायला हवेत.’ शेजारी बसलेला बावीस वर्षांचा मुलगा काही बोलत नाही. त्याच्या खिशात काय आहे हे कोणाला ठाऊक नसते. पण ते सांगायचे नाही, हे त्याला त्या क्षणी कळते. शासकीय रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात व्यसनाचे रुग्ण उशिरा येतात, त्यामागचे एक मोठे कारण ही लाज असते. नोकरी गेल्यावर, चोरी पकडली गेल्यावर, झटके आल्यावर त्यांना आणले जाते. मधुमेह असलेल्या माणसाने पेढा खाल्ला तर घरचे रागावतात, पण इन्सुलिन बंद करत नाहीत. व्यसनाच्या रुग्णाला मात्र जबाबदारी आणि उपचार यांपैकी एकच काहीतरी मिळेल, असे गृहीत धरले जाते. खरे तर त्याला दोन्ही हवे असतात.

भारतीय कायदाही इथे समाजापेक्षा पुढे आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील कलम ६४अ नुसार, अल्प प्रमाणातील पदार्थासारख्या मर्यादित गुन्ह्यांत, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी विनाशुल्क आहे. पुढच्या वेळी एखाद्या फुटबॉलपटूच्या निलंबनाची बातमी आली की निकाल देण्याआधी सापडलेल्या द्रव्याचे नाव पाहावे, ते कसे आले याचा निर्णय येऊ द्यावा. आणि व्यसनाचे प्रकरण असेल तर घरात बोलताना एवढे लक्षात ठेवावे की ऐकणाऱ्यांपैकी कोणाला तरी हा क्रमांक हवा असू शकतो.