चिंचेने घासलेला हत्ती

दिवाळी आली की आमच्या घरी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायला निघतात, आणि मी माझ्या कपाटाची किल्ली हळूच खिशात टाकतो. बायको हसते. तिला कारण ठाऊक आहे, वाचकांना सांगतो.

रोमन सम्राटांची जुनी कांस्य नाणी जमवण्याचा नाद असलेली माणसे जगात पुष्कळ आहेत. नागपुरात बसून तो नाद करायचा म्हणजे कठीणच! हिंदुस्थानचा व्यापार दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी कुरकुर रोमच्या प्लिनीने केली होती खरी. पण सेस्टर्स हे पितळी नाणे त्याच्या हिशेबापुरतेच. आपल्याकडे आले ते मुख्यतः रोमचे सोने आणि चांदी. तांब्याची चिल्लर पुढे आली, तीही बहुतेक तामिळनाडूत आणि सिंहलद्वीपात. तेव्हा वैदर्भीयाने आपला मोर्चा सातवाहनांकडे वळवावा हे बरे.

त्यांची ही नाणी पोटीनची, म्हणजे तांब्यात शिसे आणि कथील मिसळून केलेली. एका अंगाला सोंड उंचावलेला हत्ती आणि कडेने ब्राह्मी अक्षरांत राजाचे नाव. दुसऱ्या अंगाला चार टोकांना चार वर्तुळे असलेली फुली. दिसायला अगदी सामान्य. पण १९३९ साली मंगरूळपीरकडच्या तऱ्हाळा गावी अशी सुमारे १६०० नाणी सापडली. नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावे पुढे आली. पुराणांच्या वंशावळीत हे राजे नाहीतच. राज्य केले, नाणी पाडली, आणि पुराणकार त्यांना साफ विसरले!

आता माझा पराक्रम. एम. ए.ला असताना एका भंगारवाल्याकडून मी अशी सात नाणी घेतली. हिरव्या पुटांनी भरलेली. आईची भांडी घासण्याची रीत आठवून ती रात्रभर चिंचेत ठेवली, सकाळी राखेने घासली. हत्ती लखलखले, पण नावांच्या जागी गुळगुळीत धातू उरला. एका जाणत्यांना दाखवली, तर त्यांनी दोनच प्रश्न विचारले : कोठे सापडली? सोबत काय होते? भंगारवाल्याला हे विचारायचे मला सुचलेच नव्हते. कोणी सांगावे, त्यांत एखादा चौथा विसरलेला राजा असेल. पुराणांनी त्याला एकदा पुसले, मी दुसऱ्यांदा. त्या सातांना आता चिंचेचे भय उरलेले नाही, तरी किल्ली माझ्या खिशात असते ती अशी.

यंदा वैनगंगेकाठच्या गावचा एक विद्यार्थी रुमालात चिखलाने माखलेले एक नाणे घेऊन आला. “घरी अजून आहेत, सर. मडकंच निघालं वावरात.”

खोटे कशाला बोलू, माझा हात पुढे झाला होता. तो मागे घेऊन म्हटले, “धुऊ नकोस. मडके फोडू नका, जागा लक्षात ठेवा.” १८७८चा निखात निधी कायदा सांगितला : दहा रुपयांवर मोलाचे गुप्तधन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.

तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरीत राहिला. “भंगारवाला किलोवर घेतो म्हणतो, सर. बाबा त्याला हो म्हणून बसले आहेत.”

“मी येऊ का बोलायला?”

“आधी विचारून सांगतो.”

रुमालाची गाठ मीच मारून दिली. सुट्टी लागली, तो गावी गेला. फोन अजून आलेला नाही.