भिंती वाचल्या, बैठक गेली

जुन्या विद्यापीठांच्या वारसा-परिसरांना सध्या नूतनीकरणाचे वेध लागले आहेत. अशाच एका विद्यापीठाचा आराखडा नुकताच आमच्या पाहण्यात आला. नाव घेत नाही. नाव बदलले तरी आराखडा फारसा बदलणार नाही. दगडी कमानी स्वच्छ होणार, चौकात नवी फरशी आणि प्रकाशझोत येणार, झाडाभोवतीचा कट्टा जाणार आणि कँटीनच्या जागी 'फूड कोर्ट' होणार. चौकाच्या रंगीत चित्रात माणसे पुष्कळ आहेत, पण सगळी चालताना दाखवलेली. बसलेले कोणीच नाही. आमचे भांडण या तपशिलाशी आहे.

आधी एक कबुली. जुने कँटीन कुबट होते, स्वयंपाकघरात धूर कोंडत असे आणि चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला त्याच्या पायऱ्या बंदच होत्या. ज्या कट्ट्याच्या आठवणीने निवृत्त प्राध्यापक गहिवरतात, त्या कट्ट्यावर मुली किती बसत, हे त्यांना विचारून पाहावे. तेव्हा 'जुने ते सोने' हा आमचा पक्ष नव्हे.

प्रश्न वारसा कशाला म्हणायचे, हा आहे. ओव्हल मैदानाभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरला. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरसह ग्रंथालय त्यात आहे. या दोन्ही वास्तूंचा आराखडा करणारे गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. इमारत अशी दुरून रेखता येते. तिचे विद्यापीठ मात्र तिथे येऊन बसणाऱ्यांनीच करायचे असते.

तिथून हाकेच्या अंतरावर काळा घोडा. तिथल्या 'वेसाइड इन'मध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसत. 'काळा घोडा पोएम्स' (२००४) या संग्रहामागे ती बैठक आहे. ते उपाहारगृह आज नाही. जहांगीर कलादालनातले 'समोवार' १९६४ मध्ये सुरू झाले आणि २०१५ मध्ये बंद पडले. कलादालन उभे आहे. वास्तू शाबूत राहिली, बैठक गेली. आणि इमारतींच्या यादीत असल्या नुकसानीसाठी रकानाच नसतो. साहित्याच्या अध्यापकांना तरी हे सांगावे लागू नये. वसतिगृह, मेस आणि चहा वगळून 'कोसला' (१९६३) शिकवून पाहावी, उरते काय?

जुन्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतला ओलावा कोंडतो आणि दगड झिजू लागतो. म्हणून संवर्धनाचे जाणकार चुन्याचा आग्रह धरतात. भिंतीला श्वास लागतो हे ज्यांना पटते, त्यांना विद्यार्थ्यालाही तो लागतो हे का पटू नये? एका चहावर दोन तास बसणारी मुलगी फूड कोर्टच्या हिशेबात तोट्याची असते. विद्यापीठाच्या हिशेबात ती तशी असता कामा नये. खोली भाड्याची, घरी जागा नाही, ग्रंथालयात बोलायचे नाही. मग नुकत्याच वाचलेल्या कवितेवर तिने भांडायचे तरी कुठे?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. उतार करा, स्वच्छतागृहे बांधा, धुराला वाट द्या. पण चहाचा दर ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नका. काही न घेताही बसता येईल अशी बाके ठेवा. झाडाखालचा कट्टा काढू नका. चौक समारंभांना भाड्याने देऊ नका. आणि आराखडा मंजूर करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना आणि कँटीनमध्ये राबणाऱ्यांना त्या टेबलाशी बोलवा.

तोवर त्या रंगीत चित्रात निदान एक माणूस बसलेला दाखवा. त्याच्या हातात पुस्तक नसले तरी चालेल.