जॉबकार्ड घेतल्याशिवाय हलू नका



‘नवी गाडी बिघडली तरी कंपनीपुढं आपलं काही चालत नाही’ हे गेल्या आठवड्यातल्या पत्रलेखकाचं म्हणणं मला पटलं नाही. माझा नवा ट्रॅक्टर दुसऱ्याच महिन्यात हायड्रॉलिक सोडू लागला. उचललेला नांगर बांधापर्यंत जाईस्तोवर पुन्हा मातीला टेकायचा. ऐन हंगामात चार खेपा झाल्या. दरवेळी ‘आता बघा’ एवढंच उत्तर, कागद नाही. तिसऱ्या खेपेपासून मात्र दुरुस्तीच्या नोंदीचं जॉबकार्ड हातात पडेपर्यंत मी शोरूममधून उठलो नाही.

कंपनी कुठलीही असो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपल्या नांदेडच्या जिल्हा आयोगात करता येते. मुदत दोन वर्षं. पोटापाण्यासाठी स्वतः राबवलेला ट्रॅक्टरही त्यात बसतो. दोष मुळातलाच आहे हे सिद्ध झालं तर वाहन बदलून किंवा पैसे परत मागता येतात. ते सोपं नाही, हे मान्य. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्लचच्या एका खटल्यात मोटार बदलून देण्याचा आदेश रद्द केला. वॉरंटीप्रमाणे सदोष भाग बदलणं एवढीच कंपनीची जबाबदारी ठरवली. गोव्यात 2011 चं मॉडेल म्हणून 2009 ची गाडी विकली गेली. त्यातही 2021 मध्ये कंपनी सुटली, कारण विक्रेत्याची करणी तिला ठाऊक होती हे सिद्ध झालं नाही.

म्हणून पत्रलेखकानं विक्रेत्यासोबत थेट कंपनीलाही नोंदणीसह स्पीड पोस्टानं लिहावं आणि पोचपावती जपावी. माझ्या चारपैकी दोन खेपांचे कागदच नाहीत, त्याची हळहळ आजही वाटते.

– एक शेतकरी वाचक, हिमायतनगर