लेसरच्या पेडलवर पाय कुणाचा?



२०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे काही तरुण पोरं नजर अधू झाली म्हणून आली. तपासणीत डोळ्याच्या पडद्यावर भाजल्याच्या खुणा आणि रक्त दिसले. हे मिरवणुकीतल्या लेसरने झाले, असे डॉक्टरांनी उघडपणे सांगितले आणि बंदीची मागणी झाली. योग्यच झाले. पण तोच लेसर एसी खोलीत, पांढरा कोट चढवून आला की आपण काही विचारत नाही, हे मला पटत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून नोकरी केल्यामुळे मला लेसरची भीती वाटत नाही, पण धाक वाटतो. मधुमेहाने पडदा खराब होऊ लागलेल्यांची नजर याच किरणांनी वाचते, मुतखडा होल्मियम लेसरने फोडता येतो. चांगल्या थिएटरमध्ये त्याला शिस्त असते. दाराबाहेर सूचनेची पाटी, यंत्राची किल्ली जबाबदार माणसाकडे, सर्जन सांगेपर्यंत यंत्र स्टँडबायवर, स्पिरिटचा बोळा आसपास नको. डोळे वाचवणाऱ्या चष्म्यावर तरंगलांबीचा आकडा छापलेला असतो, तो यंत्राशी ताडून पाहायचा. १०६४ नॅनोमीटरच्या एनडी-याग यंत्रासमोर भलताच चष्मा घातला तर तो असून नसल्यासारखा. हा किरण अवरक्त, म्हणजे दिसतच नाही, त्यामुळे पापणीही आपसूक मिटत नाही. पडदा भाजतो तेव्हा दुखतसुद्धा नाही. मिरवणुकीतला हिरवा झोत निदान दिसतो तरी!

मध्यंतरी भाचीसोबत केस काढण्याच्या एका लेसर सेंटरमध्ये गेले होते. यंत्र चालवणारी मुलगी जेमतेम विशीतली. ‘कंपनीवाल्यांनी शिकवलं,’ म्हणाली. भाचीला दिलेल्या काळ्या चष्म्यावर कसलाच आकडा नव्हता, मुलीच्या स्वतःच्या डोळ्यांवर तर काहीच नव्हते. आणि खाटेसमोर भिंतभर आरसा! किरण आरशावरून उलटून डोळ्यात शिरू शकतो, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. त्या पोरीला मी दोष देत नाही. दिवसभर विनाचष्मा तीच तिथे उभी असते.

एक्स-रे यंत्र लावायचे तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सोनोग्राफी यंत्राची नोंद पीसीपीएनडीटी कायद्याखाली होते. लेसर मात्र अणुऊर्जा मंडळाच्या कक्षेत येत नाही, कारण हा किरण एक्स-रेच्या जातीचा नाही. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम यंत्र बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला आणि विकणाऱ्याला धरतात, पेडलवर पाय ठेवून ते चालवतो कोण, हे पाहत नाहीत. राज्याचा नर्सिंग होम कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या जागांसाठी आहे, आणि केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. ज्या गाळ्यात रुग्ण भरतीची एकही खाट नाही, तो या सगळ्यांतून अलगद निसटतो.

आणखी एक इन्स्पेक्टर कशाला, असे डॉक्टर मंडळी म्हणतील. त्यांचा वैताग मला ठाऊक आहे, कागद भरण्यात माझीही उमेदीची वर्षे गेली. म्हणून मागणी मोजकीच करते. महापालिकेच्या आरोग्य विभागाने शहरातल्या लेसर यंत्रांची, पार्लरमधल्यांसह, साधी यादी करावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. यंत्र चालवणाऱ्यांसाठी त्यांनी छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढावा, आणि ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावण्याची सक्ती शासनाने करावी. नीट काम करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना याचा फायदाच होईल, आज त्यांना निम्म्या दरात ‘पॅकेज’ देणाऱ्यांशी झुंजावे लागते.

तोवर लेसर करून घ्यायला जाणाऱ्यांनी चष्म्यावरचा आणि यंत्रावरचा आकडा दाखवायला सांगावे. दाखवता आला नाही, तर आगाऊ भरलेले पैसे मागून घ्यावेत आणि सरळ घरी यावे.

– एक निवृत्त परिचारिका, पंचवटी, नाशिक