राखीव सेवाक्षेत्र: नकाशाने नव्हे, घड्याळाने आखावे

कृषी निविष्ठांमध्ये ट्रायकोकार्डइतका घाईचा माल क्वचितच आढळेल. कोर्सिरा पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक आपली अंडी घालतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती अंडी काळी पडतात आणि साधारणतः आठवडाभरात त्यांतून प्रौढ बाहेर पडतात. शीतगृहात हा काळ काहीसा लांबविता येतो, कायमचा थांबविता येत नाही. कार्ड वाटेतच फुटले, तर शेतकऱ्याच्या हाती केवळ कागद उरतो.

अशा जिवंत मालाची उत्पादन केंद्रे फ्रँचायझी पद्धतीने चालवायची झाल्यास प्रत्येक केंद्राचे राखीव सेवाक्षेत्र कसे ठरवावे, हा प्रश्न पहिल्याच करारात उभा राहतो. नेहमीचे उत्तर तालुका किंवा जिल्हा हे असते. ते सोयीचे आहे. परंतु कीटकाला महसुली हद्द कळत नाही.

बेंगळुरूचेच उदाहरण घ्यावे. शहराच्या उत्तरेस हेब्बाळजवळ एखादे केंद्र असल्यास चिक्कबळ्ळापूर आणि कनकपुरा ही ठिकाणे नकाशावर सारख्याच टप्प्यात दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या ठिकाणी मोकळ्या महामार्गाने पोहोचता येते. दुसऱ्यासाठी अख्खे शहर ओलांडावे लागते. म्हणून सेवाक्षेत्राची सीमा किलोमीटरमध्ये न मोजता, उन्हाळ्यातील प्रवासाच्या तासांत मोजली पाहिजे.

दुसरे माप उत्पादनक्षमतेचे. उसावरील खोडकिडीसाठी दर प्रसारणाला हेक्टरी सुमारे ५० हजार ट्रायकोग्रामा सोडण्याची शिफारस आहे. एका कार्डावर अंदाजे २० हजार परोपजीवीयुक्त अंडी धरल्यास हेक्टरी अडीच कार्डे लागतात. दर दहा दिवसांनी १०० कार्डे तयार करणारे केंद्र ४० हेक्टरांहून अधिक उसाला पुरे पडणार नाही. त्याच्या नावे संपूर्ण तालुका राखून ठेवणे म्हणजे उरलेल्या शेतकऱ्यांना सेवेपासून वंचित ठेवणे होय. खोडकिडीची अंडी चार-सहा दिवसांत उबतात. त्यानंतर अळी पोंग्यात शिरते आणि उशिरा आलेले कार्ड निरुपयोगी ठरते.

राखीव क्षेत्रच नको, असेही काहींचे मत आहे. ते एकांगी आहे. केंद्र उभारणारा ग्रामीण तरुण किंवा बचतगट प्रयोगशाळा, प्रशिक्षण आणि शेतकऱ्यांचे प्रबोधन यांवर खर्च करतो. मागणी तयार होताच मूळ कंपनीने शेजारच्या गावात दुसरे केंद्र दिले, तर त्या श्रमांचे फळ दुसराच घेतो. खताचे पोते पुढच्या हंगामात विकता येते. न विकलेले ट्रायकोकार्ड मरते. एवढा धोका पत्करणाऱ्याला काही काळ संरक्षण मिळणे न्याय्यच आहे.

मात्र संरक्षणाबरोबर कर्तव्यही हवे. महाराष्ट्राने साखर कारखान्यांची झोनबंदी अनुभवली आहे. कारखान्याला उसाची हमी मिळाली; पण गाळप लांबले किंवा दर कमी मिळाला तरी ऊस दुसरीकडे नेण्याची मुभा सभासदाला नव्हती. क्षेत्र राखले गेले, सेवा राखली गेली नाही. मित्रकीटकांच्या बाबतीत ही चूक पुन्हा होता कामा नये.

प्रत्येक मित्रकीटक क्षेत्रबंदीला योग्य असतो, असेही नाही. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये भारतात आढळला. २०१० मध्ये बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संस्थेने (आजच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने) पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी व अन्य दोन परोपजीवी कीटक आणविले. ते वाढवून कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रांमार्फत बागांत सोडण्यात आले. शेतात स्वतःहून स्थिरावणाऱ्या अशा कीटकावर कोणाचेही क्षेत्र आखणे अर्थहीन आहे. तो सार्वजनिक ठेवाच राहिला पाहिजे. राखीव क्षेत्राचा विचार करावा तो पुन्हा पुन्हा सोडाव्या लागणाऱ्या कीटकांपुरताच.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि २००२ चा स्पर्धा कायदा हीच मुख्य चौकट आहे. स्पर्धा कायदा क्षेत्र राखून देणारा वितरण करार सरसकट निषिद्ध मानीत नाही; त्याचा स्पर्धेवर होणारा विपरीत परिणाम पाहतो. म्हणजे न्याय्य अटींना वाव आहे.

अशा करारात चार अटी स्पष्ट असाव्यात. सीमा प्रवासाच्या वेळेवर ठरावी. क्षेत्र केंद्राच्या क्षमतेएवढेच असावे आणि क्षमता वाढल्यास वाढावे. मूळ कंपनीने त्या क्षेत्रात दुसरे केंद्र देऊ नये, स्वतःही परस्पर विक्री करू नये; पण मागणीनंतर ठरलेल्या मुदतीत कार्डे न पोहोचल्यास राखीवपण आपोआप संपावे. आणि बंधन कंपनीवर असावे, शेतकऱ्यावर कधीही नसावे. त्याला हवे तेथून कार्ड घेण्याची मोकळीक राहिली पाहिजे. क्षेत्र राखायचे ते केंद्रचालकाच्या मालकीसाठी नव्हे, कार्ड वेळेवर शेतात पोहोचावे यासाठी.